पित्त नव्हतं ते

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दोन्ही डोळ्यांना लेझर झालं. बारीक फटाकडी फुटल्यासारखं, कपाळात एक कळ, संपलं. काळा चष्मा लावून परळहून टॅक्सीने गिरगावात, एकटी. गेल्या वर्षी दादाच्या मोतीबिंदूला मुलगा, सून, थर्मास, उशी आणि दोन गाड्या होत्या. बाहेर येऊन त्याने हात हलवला तेव्हा टाळ्याच काय त्या राहिल्या. थोरला भाऊ असणं हा पूर्णवेळ व्यवसाय आहे.

डॉ. बाई म्हणाल्या ते विसरण्याआधी लिहून ठेवते. काचबिंदू. त्यातला बंद कोनाचा. डोळ्याच्या आतलं पाणी ज्या कोपऱ्यातून निचरतं तो माझा कोपरा मुळातच अरुंद. वय वाढतं तसं आतलं भिंग जाड होतं, कोपरा मिटत जातो. पाणी तुंबलं की दाब चढतो, मागची नस मरते. मेलेली नस परत येत नाही. लेझरने बुबुळाला बारीक भोक पाडून पाण्याला दुसरी वाट दिली. गेलं ते गेलं, आहे ते राखायचं.

"मलाच का?"

"लहान डोळा, प्लसचा नंबर, वय. आणि बाई असणं. हा प्रकार बायकांत जास्त दिसतो."

"इथेही?" म्हटलं. हसली. पोरगी चांगली आहे, उगाच आजी-आजी करत नाही.

मग विचारलं, नाटकाला गेले की मला पित्त व्हायचं त्याचं काय? मध्यंतराच्या सुमारास एका डोळ्यामागे ठणका, मग उलटी, दिव्यांभोवती रंगीत कडी. घरी येऊन अंधारात पडलं की सकाळी ठीक.

"अंधारात बाहुली मोठी होते, कोपरा दाबला जातो. ते पित्त नव्हतं."

पित्त नव्हतं ते! आणि इतकी वर्षं मी मध्यंतरातल्या बटाटेवड्यावर आळ घेत आले. वडा सोडला, नाटक सोडलं नाही. त्या वड्याची बिनशर्त माफी.

१९ नोव्हें., बुध.

डावा डोळा झाकून दारावरची पाटी वाचली. माझं नाव गायब. नुसतं आडनाव दिसतं. म्हणजे वडिलांचं शाबूत, माझं गेलं. दोन्ही डोळे उघडे असले की कळतही नाही, डावा उजव्यावर पांघरूण घालतो. किती दिवस घालत होता कोण जाणे.

त्या चाचणीची आठवण जात नाही. अर्ध्या गोल डेऱ्यात तोंड खुपसून बसायचं, आत कुठेही बारीक दिवा लागतो, दिसला की हातातलं बटण दाबायचं. टक्. टक्. मधेच बराच वेळ काही नाही. मी त्या मुलीला विचारलं, "मशीन बंद पडलं का?" ती म्हणाली, "नाही मॅडम, चालू आहे."

२० नोव्हें.

डॉ. बाईंनी निघताना बजावलं होतं: "सख्खी भावंडं तपासून घ्या. बहीण असेल तर लवकर." दोघांना फोन केला.

दादा (दादर): "अरे बाप रे. उद्याच जातो."

मंगल (परळ): "बघू गं ताई. मार्गशीर्ष लागतोय."

२२ नोव्हें., शनि.

दादाचा फोन. जाऊन आला, सुनेला घेऊन. "माझे कोन एकदम रुंद आहेत म्हणाले." असं सांगत होता जणू स्पर्धेत पहिला आला. म्हटलं, असणारच, या घरात तुझीच जागा लहानपणापासून रुंद.

डॉ. बाईंना म्हटलं होतं, पुरुषांना काहीच नाही का हो? आहे की, म्हणाल्या. कामावर डोळ्याला लागतं ते बहुतेक पुरुषांनाच. रंगांधळेपणाही त्यांच्यातच जास्त. तेव्हा दादाचे मोजे आठवले. त्याला हिरवा आणि तपकिरी कळत नाही. आई त्याच्या मोज्यांच्या जोड्या दोऱ्याने बांधून ठेवायची. पुढे वहिनी, आता सून. तीन बायका उभ्या जन्मात त्याला चुकीचा मोजा घालू देत नाहीत. आणि आई स्वतः? महिन्यातून दोनदा "पित्त", कपाळावर सुंठेचा लेप, आतल्या खोलीत अंधार करून आडवी. शेवटी शेवटी तांदूळ हाताने चाचपून निवडायची. घरात सगळे म्हणायचे, मोतीबिंदू असेल, आता या वयात कशाला चिरफाड. वडिलांचा मात्र काढला होता. त्यांना पेपर वाचायचा असायचा.

आईला काय वाचायचं होतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

२३ नोव्हें., रवि.

मंगलशी सविस्तर बोलले. तिला डोकं दुखतं का विचारलं.

"पित्त गं. आपल्या घरातल्या सगळ्या बायकांना आहेच ते. आईला नव्हतं?"

"दिव्यांभोवती काही दिसतं?"

"हो, कडं. छान रंगीत. दिवाळीला तुझ्याकडे आले होते ना, वाडीतल्या सगळ्या कंदिलांना दिसत होतं. मला वाटलं या वर्षी तुम्ही नवीन लायटिंग केलंय."

हातातला फोन खाली ठेवून पाणी प्यायले. वाडीत या वर्षी तेच ते जुने कंदील होते.

२४ नोव्हें.

म.ला तारीख घेऊन दिली, गुरुवार २७, सकाळी दहा. रुग्णालय तिच्या खिडकीतून दिसतं. चालत गेली तरी घामही येणार नाही.

२७ नोव्हें., गुरु.

नाही गेली. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, घट मांडायचा होता, संध्याकाळी सवाष्ण जेवायला. "आणि आयेंना सोडून कशी जाऊ?" आये म्हणजे तिच्या सासूबाई, नव्वदीच्या, मालवणकडच्या. सगळा मजला त्यांना आयेच म्हणतो. गिरणीत कामाला होत्या. चाळ पाडून टॉवर झाला तरी त्यांची लिफ्टवाल्याशी भांडायची पद्धत चाळीचीच.

वसंतरावांशी बोलले. मेहुणे स्वभावाने गरीब आहेत, गरिबीचा उपयोग शून्य. "ताई, मी कुठे अडवतो? तिनं ठरवावं." अडवत नाहीत. नेतही नाहीत.

२ डिसेंबर, मंगळ.

आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. औषधासाठी नव्हे. समोरच्या खुर्चीत बसून म्हटलं, तुम्ही मला वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या दिल्यात त्या परत घ्या, उरलेल्या आणल्यात. पट्ट्या टेबलावर मांडल्या.

"तुम्ही लक्षणं पित्ताचीच सांगत होतात."

"मी दिव्यांभोवती कडी सांगत होते."

"अहो, या वयात तुम्हा बायकांना थोडं टेन्शन, थोडं पित्त…"

म्हटलं, डॉक्टर, तुमच्याकडे पुरुष डोकं धरून आला की तुम्ही ब्लड प्रेशर बघता, ईसीजी काढता. बाई आली की विचारता, काय खाल्लं होतं. पुढच्या डोकं दुखणाऱ्या बाईला डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवाल का, हो की नाही?

बाहेर बसलेल्या बायका ऐकत होत्या. दार मी मुद्दामच उघडं ठेवलं होतं. शेवटी म्हणाले, "पाठवीन." चला. एक माणूस सुधारला. सत्तरी गाठताना का होईना.

त्याची सत्तरी. माझी पुढच्या वर्षी.

११ डिसें., गुरु.

संध्याकाळी वसंतरावांचा फोन. "काळजीचं काही नाही, मंगलला पित्त झालंय, उपासाचं. तिनंच सांगितलंय तुम्हाला कळवायला, उद्या तुम्ही यायच्या होतात ना, येऊ नका म्हणून. झोपलीय."

"डोळा लाल आहे का?"

"थोडा. सर्दी झालीय ना, गोळ्या चालू आहेत."

डॉ. बाईंना फोन. त्यांनी उचलला, हे त्यांचे उपकार. सर्दीच्या काही गोळ्यांनीही बाहुली मोठी होते, अशा डोळ्यात त्यानेच अटॅक येऊ शकतो. ताबडतोब कॅज्युअल्टीत आणा म्हणाल्या. परत वसंतरावांना फोन. "आत्ता? ती उठायचं नाही म्हणतेय. आये लेप लावतायत."

टॅक्सी करून गेले. लालबागला रस्ता तुंबलेला. पोहोचेपर्यंत म. बसून चहा पीत होती. "सुटलं गं. बघ, उगाच आलीस." कपाळावर सुंठ वाळून पापडासारखी.

१२ डिसें.

डॉ. बाई: "झोपेत बाहुली बारीक होते, म्हणून कधीकधी अटॅक आपोआप सुटतो. म्हणूनच लोकांना खरं वाटत नाही. एखाद्या वेळी सुटत नाही."

एखाद्या वेळी. म्हणजे तिचा डोळा आता नशिबावर चाललाय.

१४ डिसें., रवि.

परळला गेले आणि भांडले. सविस्तर लिहिते, कारण मी हरले.

मंगल भाजी चिरत होती. "मला सगळं दिसतं ताई. दिसतंय तर दाखवायचं काय?"

म्हटलं, एक डोळा झाक. हो-ना करत झाकला. भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, किती वाजले? बरोबर सांगितले. दुसरा झाकला, तेही बरोबर. वर म्हणाली, "सेकंदकाटा पण सांगू का?" वसंतराव हसले. माझी फजिती. घरी येताना आठवलं, मलाही घड्याळ दिसतच होतं. हा आजार मधलं शेवटपर्यंत राखतो आणि कडेचं कुरतडत नेतो.

निघताना चिडून म्हणाले, तुला आईसारखं तांदूळ चाचपत बसायचंय का? तिचा चेहरा उतरला. पण बोलली ती अशी: "तुझं बरं आहे. तुझ्यामागे कोणी नाही. तू उठून कुठेही जाऊ शकतेस."

हे वाक्य मी लग्न न केल्यापासून ऐकते आहे. मागे कोणी नाही म्हणून ऑफिसात उशिरापर्यंत मी, मागे कोणी नाही म्हणून आईचं मी, वडिलांचं मी. आज पहिल्यांदा उत्तर सुचलं, तेही जिन्यात: मागे कोणी नाही म्हणूनच माझा डावा डोळा वाचला. तुझ्या मागे इतके आहेत, एकजण तरी तुला धरून नेईल का?

२५ डिसें.

शाळेतली मैत्रीण केक घेऊन आली. मदर सुपिरिअरची आठवण निघाली. "गर्ल्स, हात वर करा, मग बोला." आम्ही सगळ्या आयुष्यभर हात वर करून बसलो. ज्यांनी कधी हात वर केला नाही ते बोलून, जेवून, चष्मे बदलून गेले.

मैत्रिणीचे डोळे सतत चुरचुरतात. कुणा तज्ज्ञाने सांगितलं, "वयाचं आहे, फार टीव्ही बघू नका." डॉ. बाईंकडे पाठवलं होतं मीच. त्यांनी सांगितलं, पाळी गेल्यावर डोळ्यांतली ओल कमी होते, बायकांना हे फार होतं, त्याला थेंब असतात. थेंब! इतकंच. ती दोन वर्षं टीव्ही न बघता रडवेल्या डोळ्यांनी बसली होती.

३ जानेवारी, शनि.

भाजीवालीकडे सुलभा भेटली, माझ्याच मजल्यावरची. नवरा जाऊन चार वर्षं झाली. संक्रांतीला वाण काय द्यायचं यावर बायकांची चर्चा चालली होती, प्लास्टिकचे डबे की गाळणी. सुलभा बाजूला उभी, तिला कोण बोलावणार. कुणीतरी म्हणालं, वाण आलं की नको म्हणायचं नसतं म्हणून घरात गाळण्यांचा ढीग झालाय.

नको म्हणायचं नसतं.

मंगलला स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की "नको". साडी नको, माथेरान नको, डॉक्टर नको. पण वाण? तिने आजवर एक गाळणं परत केलेलं नाही.

५ जाने.

चाळीस वर्षं साहेबांच्या अपॉइंटमेंटी घेण्यात गेली. साहेबांचे दात, साहेबांचं हृदय, साहेबांचे डोळे. त्यातून एकच अक्कल आली. कामात असलेल्या माणसाला "याल का" विचारायचं नसतं. "मंगळवारी साडेदहा, गाडी दहाला" असं सांगायचं.

डॉ. बाईंना जाऊन भेटले. मंगळवार २० तारखेची सकाळ माझ्या बायकांसाठी मोकळी ठेवतील. मला म्हणाल्या, "तुम्ही रिटायर कशाला झालात?"

१० जाने.

दादाचा फोन. वहिनीने सांगितलं असणार. "कुमुद, तू हळदीकुंकू करणार? तू?"

"का? हळद महागली?"

"तसं नाही, पण… तुझं लग्न… लोक काय म्हणतील."

म्हटलं, लग्न नाही केलं, डोळे आहेत मला. आणि सुलभालाही बोलावलंय, तिच्या नवऱ्याबरोबर तिचे डोळे गेले नाहीत. दादा म्हणाला, "तिळगूळ पाठव." पाठवणार नाही. येऊन ने.

१७ जाने., शनि.

झालं हळदीकुंकू. बाहेरच्या गॅलरीत सतरंज्या, खोलीतले सगळे दिवे लख्ख. वाडीतल्या बायका आल्या. तिघी आल्या नाहीत, त्यांच्या घरी "पटत नाही". त्यांच्या घरी त्यांना काय पटतं हे कोण विचारतंय. सुलभाला मी पहिलं कुंकू लावलं. ती मान खाली घालून बसली होती, मी हनुवटी धरून वर केली. म्हाताऱ्या कुलकर्णीकाकूंनी पुढे होऊन तिच्या हातात तिळगूळ ठेवला.

वाण: स्टीलची वाटी, वाटीत तिळगूळ, वर डॉ. बाईंचं कार्ड, प्रत्येकीचं नाव आणि वेळ मी स्वतः लिहिलेली. आधी हसल्या. मग एकीने विचारलं, "चष्मा आहे माझा, तरी?" मी नाटक, वडा, पित्त सगळं सांगितलं. वड्यावर खूप हसल्या. कुलकर्णीकाकू म्हणाल्या, "म्हणजे माझ्या जावेचं पण…" आणि वाक्य सोडून दिलं.

मंगल शेवटी उठली. वाटी हातात, चेहरा लाल.

"ही फसवणूक झाली ताई."

"वाण आहे."

"मला माहितेय काय आहे ते."

पण वाटी पिशवीत टाकली. परत नाही दिली!

२० जाने., मंगळ.

वाडीतल्या सगळ्या आल्या, जरीच्या साड्या नेसून. वाण वसूल करायला जायचं म्हणून नेसल्या म्हणे. बाकावर अशा बसल्या होत्या की वॉचमन विचारत होता, कुणाचं लग्न आहे का. सुलभाला मोतीबिंदू निघाला, दोन्ही. ती तीन वर्षं टीव्हीचा आवाज वाढवून ऐकत होती. कुलकर्णीकाकूंच्या नवऱ्याचा फोन आला, "दुपारचं जेवण कुठेय?" काकू: "फ्रीजमध्ये. शोधा. तुमचे डोळे चांगले आहेत ना."

मंगल आली नाही.

वाट पाहून फोन केला. "वाण घेतलं ताई, नाही कुठे म्हटलं? घेतलं म्हणजे वापरायलाच हवं असं कुठाय? तू दोन वर्षांमागे दिलेले डबे अजून माळ्यावर आहेत."

हा डाव मला सुचायला हवा होता. बहीण माझीच आहे.

२१ जाने., बुध.

आमंत्रणाशिवाय परळ. मंगल दार उघडून म्हणाली, "आलीस? ये. बोल काय बोलायचंय ते आयेंसमोर." मला वाटलं संपलं. म्हातारीने तिची बाजू घेतली की काय उरणार.

आये खाटेवर, हातात माळ. सगळं ऐकून घेतलं. मग मंगलकडे वळल्या.

"गो मंगल, वाण घेतलंस मा?"

"घेतलं आये."

"आमच्यात वाण परत करनत नाय."

"मी परत कुठे केलं? ठेवलंय."

"ठेवलंय म्हंजे परतच झाला. ह्यां काय लोणच्याचा भांडा आसा ठेवूक?"

मंगलने शेवटचं शस्त्र काढलं. तुमचं कोण करणार, औषधाची वेळ, दुपारची पेज.

आये: "तू दोन तास गेलंस तर माका काय वाघ खातलो? वश्या आसा मा घराक. पेज करूक येना नाय तेका?"

वश्या म्हणजे वसंतराव, वय सत्तर, पेपरामागे. पेपर हलला. "येते की," म्हणाले. बायकोने तीस वर्षं ही बातमी ऐकली नसावी, तिचं तोंडच उघडं राहिलं.

मग म्हातारी हळू म्हणाली, मला की स्वतःला कळलं नाही: "माझी सुंठ डोक्याची. डोळ्याची न्हय ती." आणि माळ ओढायला लागली.

मी विचारलं नाही, "येशील का". उभी राहिले, पर्स घेतली. "शुक्रवार, साडेदहा. टॅक्सी दहाला खाली."

"समोरच तर आहे रुग्णालय," मंगल म्हणाली. "टॅक्सी कशाला?"

म्हटलं, दादाला दोन गाड्या होत्या.

२३ जाने., शुक्र.

हे रुग्णालयातल्या बाकावर बसून लिहिते आहे. अक्षर वाकडं येतंय, येवो.

दहाला टॅक्सी घेऊन उभी राहिले. टॅक्सीवाला वैतागला, "बाई, समोर सोडायचंय?" म्हटलं, समोरच. मंगल खाली आली. हिरवी साडी, अबोलीची वेणी. नजर माझ्याकडे नाही. टॅक्सीत म्हणाली, "आज पण दुखतंय थोडं. उजवीकडे. मी बोलले नव्हते." मी तिचा हात धरला, तिने सोडवला नाही.

डॉ. बाईंनी दिवा लावून, भिंग लावून तपासलं. दाब घेतला, परत घेतला. "दोन्ही कोपरे जवळजवळ बंद आहेत. आज इथून लेझर केल्याशिवाय सोडणार नाही." मंगल माझ्याकडे बघायला लागली, पेज, औषध, आये सगळं चेहऱ्यावर. डॉ. बाईंना म्हणाली, "करा." मला नाही विचारलं, नवऱ्याला फोन नाही. करा!

नस किती राहिलीय ते मात्र चाचणीवर. लेझर त्यानंतर. आत्ता ती पडद्यामागे त्या डेऱ्यात तोंड घालून बसली आहे. मला आत सोडत नाहीत, पण पडदा म्हणजे पडदाच, सगळं ऐकू येतं.

टक्. टक्टक्. टक्.

डाव्या डोळ्याचं झालं. भराभर झालं, पाऊस पडावा तसं. आता उजवा.

टक्.

टक्.

काही नाही.

वसंतरावांचा मेसेज आलाय: पेजेत मीठ किती. नंतर बघते.

अजून काही नाही.

"ताई, आहेस ना गं?" मंगल आतून.

"आहे."

"मशीन बंद पडलं का?"

त्या मुलीच्या आधी मीच बोलले. पडद्याला तोंड लावून, सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"नाही. चालू आहे. बोट बटणावर ठेव आणि समोर बघ. उरलाय तेवढा एकेक दिवा मोजून घ्यायचा, एकही सोडायचा नाही."

पडद्याला कान लावला.

टक्.